ट्रॅक एकटा दमदार वाजतो, पण डीजेच्या मिक्समध्ये विस्कटतो: टेक्नोच्या मांडणीतला दोष कसा शोधायचा

टेक्नो (क्लबमध्ये वाजणारं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) बनवणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. ट्रॅक हेडफोनवर छान वाजतो, किक (तळाच्या ड्रमचा ठोका) घट्ट बसली आहे, मास्टरिंगही (आवाजावरचा शेवटचा हात) झालं आहे. डीजे मित्राला पाठवला तर तो मनापासून ‘भारी आहे’ म्हणतो, पण सेटमध्ये काही लावत नाही. किंवा एकदा लावतो आणि पुन्हा त्या फाइलकडे वळत नाही. मग किक बदलली जाते, सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्य) बदलला जातो, नव्याने मास्टर होतं, आणि पुढच्या ट्रॅकच्या वेळी तेच घडतं.

असं होत असेल तर आवाजात दोष शोधणं थांबवा. बहुतेक वेळा गडबड मांडणीत, म्हणजे कुठला आवाज कधी येतो आणि कधी जातो त्यात असते. डीजे तुमचा ट्रॅक सुट्टा कधीच वाजवत नाही. त्याच्या पहिल्या एक-दोन मिनिटांवर आधीचा ट्रॅक चालू असतो आणि शेवटच्या एक-दोन मिनिटांवर पुढचा. म्हणजे सहा मिनिटांच्या ट्रॅकमधली दोन ते चार मिनिटं तो दुसऱ्या कुणाच्या तरी संगीतासोबत जगतो. त्या वेळात डीजेला दोन गोष्टी हव्या असतात. पुढचा बदल कधी येणार याचा अंदाज त्याला न बघता बांधता आला पाहिजे, आणि त्याच्या मिक्सरवरून वेगळं करता येणार नाही असं काही तुम्ही एकमेकांत कालवून ठेवलेलं नको. लांबलचक इंट्रो (सुरुवातीचा भाग) जोडला की ट्रॅक डीजेच्या सोयीचा झाला, हा समज मला चुकीचा वाटतो. ६४ बार नुसती किक वाजवूनही या दोन्ही गोष्टी बिघडवता येतात.

पुढचा सगळा हिशेब १३२ बीपीएम (मिनिटाला १३२ बीट्स) धरून केला आहे. चार बीट्सचा एक बार, म्हणजे एका बारला १.८२ सेकंद. १६ बारांना साधारण २९ सेकंद आणि ३२ बारांना ५८.

आधी निदान

नवा प्रोजेक्ट उघडा आणि तीन ऑडिओ चॅनेल घ्या. मधल्यावर तुमचा तयार ट्रॅक ठेवा. वरच्या आणि खालच्या चॅनेलवर डीजे खरोखर वाजवतात असे दुसऱ्यांचे दोन टेक्नो ट्रॅक ठेवा. तिन्हींचा टेम्पो एक करा आणि प्रत्येकावर साधा तीन बँडचा ईक्यू (तळ, मध्य आणि वरचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करणारा) लावा. पहिल्या ट्रॅकच्या शेवटच्या दोन मिनिटांखाली तुमची सुरुवात आणा, आणि तुमच्या शेवटाखाली तिसऱ्याची सुरुवात. मग फक्त व्हॉल्यूम आणि ईक्यूचा लो बँड हलवून मिक्स करून बघा. डीजेकडे फिल्टर, इको असं बरंच काही असतं हे खरं, पण ज्या ट्रॅकला आत आणताना इफेक्टची सारवासारव करावी लागते तो पुढच्या वेळी मागेच पडतो.

ऐकताना एकच गोष्ट टिपून ठेवा: विस्कटलं ते कितव्या बारला? आत येताना, दोन्ही ट्रॅक सोबत चालू असताना, की बाहेर पडताना? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. नुसतं ‘मिक्समध्ये बसत नाही’ एवढ्यावरून काही हाती लागत नाही.

आत येतानाच अडखळतो

सगळ्यात सरळ कारण म्हणजे सुरुवातीला किकच नसणं. दीड मिनिट पॅड, वारा, दूरचे आवाज आणि मग एकदम सगळं अंगावर. ऐकायला हे सुंदर असू शकतं. पण बीट जुळवायला डीजेला काही धरता येत नाही, म्हणून तो थेट पहिल्या किकवर क्यू (ट्रॅक जिथून सुरू करायचा ती खूण) लावतो. तिथे पोचल्यावर त्याला दिसतं की किकसोबत बेसलाइन, स्टॅब (सिंथचा छोटा तुटक सूर) आणि हॅट (झांजेसारखा टोकदार आवाज) सगळं एकाच बारला आलं आहे. आत शिरायला फट उरलेलीच नसते. उपाय म्हणून वातावरण काढून टाकायची गरज नाही. ते ठेवा, पण त्यानंतर किक आली की किमान १६ बार फक्त ड्रम्स चालू द्या आणि बाकी सगळं पुढे ढकला. किंवा तेच पॅड पहिल्या बारपासून किकच्या वर तरंगू द्या.

दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. इंट्रोमध्ये किक आहे, ३२ बार आहे, तरीही डीजे म्हणतो की सुरुवात पकडता येत नाही. अशा वेळी इंट्रोचे पहिले आठ बार जवळून ऐका. त्यात फक्त चार सारख्या किक असतील, तर त्यातली पहिली कुठली हे कानाला कळायला काही मार्गच नाही. चारांपैकी कुठलीही पहिली असू शकते. दोन आणि चारवर क्लॅप टाकला की शक्यता दोनच उरतात: क्लॅपच्या आधीची ही किक, किंवा ती दुसरी. बारमध्ये एकदाच येणारा एखादा आवाज, समजा शेवटच्या सोळाव्या स्टेपवर (बारच्या सोळा भागांपैकी एक म्हणजे स्टेप) हलकासा रिम (ड्रमच्या कडेचा आवाज), ठेवला की एक नेमका सापडतो. आणि दर आठव्या बारच्या शेवटी एखादा ओपन हॅट किंवा उलटा सिंबल असेल तर डीजेला आठांचा गटही कळतो. तीन छोटे आवाज, पण पहिल्या पंधरा सेकंदांत त्यांनी ट्रॅकचा नकाशा हाती दिलेला असतो. तबल्यावर साथ करणाऱ्याला सम कुठे आहे हे एकदा पक्कं कळलं की गायकाने मधे काहीही केलं तरी तो डगमगत नाही. डीजेचंही तसंच आहे.

ऑफबीट (दोन बीट्सच्या मधे पडणाऱ्या) हॅटबद्दलही एक सांगायला हवं. लांब शेपटीच्या किकपेक्षा हॅटचा टोकदार आवाज कानाला बीट जुळवायला जास्त मदत करतो, कारण दोन ट्रॅक किंचित पुढेमागे झाले की हॅट लगेच दुहेरी ऐकू येतो. किकमध्ये तो फरक दबून जातो. म्हणून इंट्रोत हॅट लवकर आणा. पण तुमच्या हॅटला जोरदार स्विंग (काही सोळावे ठोके किंचित उशिरा पाडणं) असेल तर इंट्रोत तो थोडा सरळ ठेवा. सरळ सोळाव्यांच्या ट्रॅकवर स्विंगचे सोळावे चढले की प्रत्येक जोडीत एक बारीक फडफड तयार होते, आणि ती ईक्यूने जात नाही.

इंट्रोची पातळीही तपासा. काही जण सुरुवातीची किक मुद्दाम चार-पाच डेसिबल खाली ठेवतात, म्हणजे ड्रॉप (सगळे आवाज एकदम येण्याचा क्षण) मोठा वाटतो. डीजे मात्र हेडफोनमध्ये ती इंट्रो ऐकून मीटरवर पातळी जुळवतो आणि ट्रिम (पातळीचा नॉब) वर करतो. दोन मिनिटांनी तुमचा ड्रॉप येतो तेव्हा मिक्सर लाल होतो. किक पहिल्यापासून त्याच पातळीवर ठेवा. ड्रॉप मोठा वाटायचा असेल तर त्याच्या आधी बाकीचे आवाज कमी करा.

इंट्रो किती लांब हवी, हा प्रश्न नेहमी येतो. ३२ किंवा ६४ बारांची पद्धत विनाइलच्या काळातून आली आहे. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर पिच फेडर (वेगाची सरकपट्टी) हलवून कानाने बीट जुळवायला वेळ लागायचा आणि तो वेळ रेकॉर्डनेच द्यावा लागायचा. आज सीडीजेवर (डीजेच्या डिजिटल प्लेअरवर) टेम्पो आपोआप जुळवणारा सिंक आहे, लूप आहे, ठराविक बीट्सची उडी मारणारा बीट जंप आहे. त्यामुळे १६ बारांची स्वच्छ इंट्रो पुरते, फक्त ती लूप करण्यासारखी असली पाहिजे. म्हणजे तिच्यातले कुठलेही चार बार उचलून फिरवले तर शिवण ऐकू येता कामा नये. पहिल्या बारपासून हळूहळू चढत जाणारा रायझर किंवा फिल्टर तिथे असेल तर लूप दर वेळी मागे उडी मारल्यासारखा वाजतो. चढ हवाच असेल तर सतराव्या बारपासून सुरू करा.

टेक्नोमध्ये लूपची ही गरज फार जुनी आहे. जेफ मिल्ससारख्या डेट्रॉइटच्या निर्मात्यांनी विनाइलवर लॉक्ड ग्रूव्ह दिले होते, म्हणजे सुई एकाच वर्तुळात फिरत राहणारे लूप. ३३⅓ आरपीएमवर रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदांत होते. त्यात चार बीट्स बसवल्या की टेम्पो आपोआप १३३.३३ बीपीएम होतो. यंत्राच्या फेरीने ठरवलेला हा टेम्पो टेक्नोच्या नेहमीच्या वेगाच्या इतका जवळ यावा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मधेच उलटतो: बारांचा हिशेब

माझ्या मते सगळ्यात जास्त ट्रॅक इथे मार खातात, आणि निर्मात्याला ते ऐकू येत नाही, कारण एकटा ट्रॅक ऐकताना हा दोष दोष वाटतच नाही.

एक साधी मांडणी घेऊ. पहिले ३२ बार इंट्रो. ३३व्या बारला बेसलाइन येते. ६५व्याला स्टॅब. ९७व्याला ब्रेकडाउन, म्हणजे किक थांबते तो भाग, तो १६ बार. ११३व्याला किक परत येते आणि मुख्य भाग ६४ बार चालतो. १७७व्याला बेस निघतो आणि ३२ बारांचा आउट्रो (शेवटचा भाग). एकूण २०८ बार, सहा मिनिटं अठरा सेकंद.

आता समजा, ब्रेकडाउनच्या शेवटी तुम्हाला वाटलं की ताण अजून थोडा वाढायला हवा. तुम्ही स्नेअर रोल (स्नेअर ड्रमचे सलग जलद ठोके) दोन बार लांबवला. ब्रेकडाउन १८ बारांचा झाला, किक ११५व्या बारला आली. स्टुडिओत ऐकताना हे छान वाटतं, खरंच ताण वाढतो. पण डीजेने काय केलंय ते बघा. त्याने पुढचा ट्रॅक तुमच्या ८१व्या बारला सुरू केला, कारण त्याची इंट्रो ३२ बारांची आहे आणि त्याचा बेस बरोबर तुमच्या ११३व्या बारला, ब्रेकडाउन संपताना, यायला हवा. ११३ला त्या ट्रॅकचा बेस येतो. तुमचा स्नेअर रोल मात्र अजून चढतोच आहे. नाचणाऱ्यांना ड्रॉप मिळाला आणि मिळालाही नाही. मग साडेतीन सेकंदांनी तुमची किक आणि बेस त्यावर येऊन आदळतात. डीजेचा हात तेव्हा भलत्याच नॉबवर असतो. तिथून पुढचा प्रत्येक बदल दोन बारांनी सरकलेला.

सीडीजेच्या पडद्यावर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) दिसतो, मग डीजेने बघून घ्यावं, असं कुणी म्हणेल. ब्रेकडाउन सुरू झालेला त्याला दिसतो, पण तो सोळा बारांचा आहे की अठरा हे घाईत नजरेने मोजणं अवघड असतं. तो सोळा धरूनच चालतो, कारण बाकीचे जवळपास सगळे ट्रॅक तसेच असतात.

उपाय सोपा आहे. तो अतिरिक्त ताण १६ बारांच्या आत बसवा. रोल चौदाव्या बारऐवजी बाराव्याला सुरू करा. किंवा शेवटच्या बारातल्या दोन बीट्स पूर्ण शांत ठेवा. ही शांतता दोन बारांच्या लांबणीपेक्षा जास्त काम करते. ताण खरोखर मोठा हवा असेल तर ब्रेकडाउन थेट ३२ करा. एबलटन या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅरेंजमेंट व्ह्यूत नको असलेले दोन बार निवडून डिलीट टाइम केलं की मागचं सगळं एकत्र पुढे सरकतं. त्यानंतर मात्र ऑटोमेशन (नॉबच्या हालचालींची नोंद) तपासा. कापलेल्या जागी फिल्टर किंवा रिव्हर्बची वळणं तुटलेली असतात.

हीच गडबड लहान रूपातही सापडते. एबलटनच्या सेशन व्ह्यूत क्लिप (छोटे तुकडे) चालू-बंद करत, रेकॉर्ड करत मांडणी बनवली की बदल हाताच्या भरात येतात. एक बदल १२ बारांनी, एक २०ने. प्रत्येक बदल छान वाटतो, पण गट जुळत नाहीत. रेकॉर्डिंग झाल्यावर पहिल्या बारपासून दर १६ बारांना लोकेटर (जागेची खूण) टाकत जा आणि बघा की मोठे बदल लोकेटरवर पडतात का. जे पडत नाहीत ते जवळच्या लोकेटरवर सरकवा. हे यांत्रिक वाटेल, पण सरकवलेला बदल ऐकल्यावर बहुतेक वेळा कळतं की मूळ जागेला काही खास कारण नव्हतं.

आणि कारण असेल तर? तर ठेवा. मध्यभागात, जिथे तुमचा ट्रॅक एकटा वाजण्याची शक्यता जास्त आहे, तिथे नियम मोडायला जागा आहे. पहिल्या ६४ आणि शेवटच्या ६४ बारांत, आणि ब्रेकडाउनच्या लांबीत मात्र मोडू नका. तसंच सलग ३२ बार काहीच बदलत नाही, अशीही वेळ येऊ देऊ नका. मोठा बदल नको, राइड सिंबल आत आली किंवा क्लॅप एक बार गळाला तरी पुरे. डीजे पुढच्या ट्रॅककडे हेडफोनमध्ये लक्ष देत असताना एका कानाने तुमची हीच खूण ऐकत असतो.

तीन, पाच, सात स्टेपचे लूप

टेक्नोचं निम्मं सौंदर्य यात आहे, म्हणून हे वेगळं लिहितो. किक चारात आणि सिंथ तीन किंवा पाच स्टेपच्या लूपमध्ये, असं केलं की सिंथ दर बारला वेगळ्या जागी पडतो आणि तोच पॅटर्न सतत बदलतोय असं वाटतं. हिशेब असा: तीन स्टेपचा लूप १६ स्टेपच्या बारसोबत ४८ स्टेपनी, म्हणजे तीन बारांनी मूळ जागी येतो. पाचाचा पाच बारांनी, साताचा सात बारांनी. यातला एकही आकडा आठ किंवा सोळात पूर्ण बसत नाही. म्हणजे सतराव्या बारच्या पहिल्या बीटला, जिथे डीजे नवीन गट सुरू झाल्याची खूण शोधत असतो, तिथे तुमचा सिंथ मधल्याच कुठल्या तरी स्टेपवर असतो. एकटा ऐकताना हे मोहक वाटतं. दुसरा ट्रॅक सोबत असला की एक नेमका कुठे आहे याबद्दल कान फसतो आणि डीजेला वाटतं की बीट सुटली.

दर आठ किंवा सोळा बारांनी लूप सक्तीने पहिल्या स्टेपवर आणा. बहुतेक सीक्वेन्सरमध्ये रीसेटची सोय असते. नसेल तर पॅटर्न आठ बारांच्या क्लिपमध्ये ओढून काढा आणि उरलेलं कापा. तीनाचा लूप आठ बारांत, म्हणजे १२८ स्टेपमध्ये, ४२ वेळा पूर्ण होतो आणि दोन स्टेप उरतात. त्या दोन स्टेपांशी पॅटर्न किंचित ठेचकाळतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो. हे ठेचकाळणंच गट संपल्याची सुंदर खूण बनतं. त्यासाठी वेगळा फिल लिहायचीही गरज उरत नाही.

दोन्ही सोबत वाजताना तळ गढूळ होतो

डीजे लो ईक्यूने एका ट्रॅकचा तळ काढतो आणि दुसऱ्याचा आणतो. ही अदलाबदल एका क्षणात, गटाच्या पहिल्या बीटवर होते. त्याच्या हातात एकच नॉब आहे. त्या नॉबखाली तुमची किक, बेसलाइन आणि किकचा रंबल, म्हणजे रिव्हर्बमधून काढलेली ती गडगडणारी शेपटी, सगळं एकत्र येतं. त्याला रंबल नको आहे पण किक हवी आहे, अशी निवड करता येत नाही. ती निवड फक्त तुमच्या हातात आहे, आणि ती मांडणीतच करावी लागते.

म्हणून इंट्रोतली किक कोरडी ठेवा. रंबल १७व्या किंवा ३३व्या बारला आणा. ट्रॅक आत येण्याच्या वेळी तळाशी जितकं कमी असेल तितकं डीजेला मोकळं वाटतं. इंट्रोतली किक आपणहून हाय-पास करून पातळ करू नका मात्र. ते काम तो नॉबने करणारच आहे, आणि कधी कधी त्याला तुमची भरदार किकच पहिल्या बारपासून हवी असते.

बेसच्या सुरांचाही विचार करा. तुमचा बेस खालच्या ई वर आहे, ४१.२ हर्ट्झ. दुसऱ्या ट्रॅकचा एफ वर, ४३.७ हर्ट्झ. दोन्ही एकत्र वाजले की फरकामुळे सेकंदाला जवळपास अडीच वेळा आवाज फुगतो आणि बसतो. मोठ्या स्पीकरवर हे हेलकावे छातीत जाणवतात. दुसऱ्या ट्रॅकचा सूर तुम्ही ठरवू शकत नाही, आणि डीजे टेम्पो बदलेल तसा तुमचाही सूर बदलतो: मास्टर टेम्पो (वेग बदलूनही सूर टिकवणारी सोय) बंद असताना १३२चा ट्रॅक १३६ला नेला की सूर सुमारे अर्धा सेमीटोन चढतो. म्हणून ट्रॅकची की (स्वरपट्टी) जुळवण्याच्या नादी फार लागण्यात अर्थ नाही. पहिल्या आणि शेवटच्या ३२ बारांत सुरात ठाम असलेलं काहीही नको, एवढं पाळलं तरी निभावतं. विशेषतः ड्रोन. एकाच सुरावर ट्रॅकभर चालणारा ड्रोन ईक्यूच्या मिड बँडमध्ये बसलेला असतो, आणि तो काढायला गेलं की क्लॅप आणि पर्कशनही जातं.

एक बारकावा किकच्या सुरुवातीचा. अनेक जण किक दोन थरांत बांधतात, वरचा क्लिक एका सँपलमधून आणि खालचं शरीर दुसऱ्यातून. त्या दुसऱ्या सँपलच्या सुरुवातीला दहा मिलिसेकंदांची शांतता असेल तर सॉफ्टवेअर ग्रिड (बीट्सच्या रेषा) क्लिकवर लावतं आणि शरीर मागे पडतं. ५० हर्ट्झच्या लाटेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे दहा मिलिसेकंदांनी ती बरोबर उलटी होते. दुसऱ्या ट्रॅकची किक साधारण त्याच सुरावर असेल, तर पडद्यावर बीट्स तंतोतंत जुळलेल्या दिसतात आणि खोलीतला तळ मात्र गायब होतो. दोन्ही सँपल वेव्हफॉर्म मोठा करून बघा आणि शरीराची सुरुवात ग्रिडच्या रेषेवर आणा.

बाहेर काढता येत नाही

आउट्रो म्हणजे इंट्रो उलटी करून चिकटवणं नव्हे, पण तसं फार वेळा होतं. फरक असा की आत येताना लोकांना तुमचा ट्रॅक माहीत नसतो, बाहेर जाताना तो त्यांच्या कानात भरलेला असतो. मुख्य स्टॅब शेवटच्या बारपर्यंत ठेवला तर पुढच्या ट्रॅकचा मुख्य आवाज ऐकूच येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बेस काढा, गटाच्या पहिल्या बीटवर, स्पष्ट. त्याच वेळी किंवा आठ बारांनी स्टॅब. स्टॅबला लांब डिले (आवाज पुन्हा पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) असेल तर त्याची शेपटी आठ बार वाजू द्यायला हरकत नाही, ती दोन ट्रॅकना सुंदर जोडते, फक्त तिचा फीडबॅक मोकाट नको. किक आणि हॅट शेवटपर्यंत. क्लॅप शेवटून सोळा बार आधी काढला तर पुढच्या ट्रॅकच्या क्लॅपला जागा मिळते.

काही जण शेवटी किक आधी काढतात आणि पॅडवर ट्रॅक संपवतात. घरी ऐकायला हे उत्तम आहे. सेटमध्ये डीजेला घाई होते. वातावरणाचा शेवट तुम्हाला प्रिय असेल तर किकसह ३२ बारांचा आउट्रो पूर्ण करा आणि पॅड त्यानंतर येऊ द्या. डीजे तोपर्यंत बाहेर पडलेला असेल, आणि घरी ऐकणाऱ्याला तुमचा शेवट मिळेल. यासाठी दोन आवृत्त्या करायची गरज मला सहसा वाटत नाही. दीड मिनिटाची पॅडची सुरुवात मात्र असेल तर दोन आवृत्त्या कराच.

फाइल

हे भराभर सांगतो, पण यातल्या एखाद्या गोष्टीनेही चांगली मांडणी वाया जाते. टेम्पो पूर्णांकात किंवा अर्ध्यात ठेवा, १३२ किंवा १३२.५, आणि ट्रॅकभर स्थिर. हार्डवेअरवर जॅम रेकॉर्ड केला असेल तर सगळी यंत्रं एकाच क्लॉकवर होती ना ते बघा, नाहीतर रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरची ग्रिड तिसऱ्या मिनिटाला घसरते. पहिली किक फाइलच्या अगदी सुरुवातीला हवी, किंवा नेमका एक पूर्ण बार सोडून. एक्स्पोर्ट करताना आपोआप लागलेला फेड-इन किकचं टोक खाऊन टाकतो, तो बंद करा. डीजेला डब्ल्यूएव्ही किंवा एआयएफएफ पाठवा, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. एमपी३ एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतो आणि ग्रिड हलते. ३२ बिट फ्लोटची फाइल सीडीजेवर वाजत नाही. एआयएफएफमध्ये नाव आणि चित्र नीट टिकतं, म्हणून मी तेच पाठवतो.

दुरुस्तीनंतर डीजेला काय विचारायचं

‘कसा वाटला?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘भारी’ असतं. ‘तू याच्यावर पहिला क्यू कुठे लावलास? आधीचा कुठे काढलास? आणि यातून बाहेर कितव्या मिनिटाला पडलास?’ असं विचारा. जमलं तर त्याच्या क्यू पॉइंट्सचा स्क्रीनशॉटच मागा.

क्यू पहिल्या किकवर असेल तर इंट्रो ठीक आहे. तो ३३व्या बारवर असेल, म्हणजे त्याने अख्खी इंट्रो टाळली, तर ती लांब आहे किंवा तिच्यात पकडायला काही नाही. १७वर असेल तर पहिले सोळा बार निःसंकोच कापा. ब्रेकडाउनच्या आधीच तो बाहेर पडला असेल तर ब्रेकडाउन लांब आहे, किंवा आधीच्या वेळी तिथे त्याची मोजणी चुकली आहे. तो भाग वर सांगितल्याप्रमाणे लोकेटर टाकून मोजा. आउट्रोतले चार बार लूप करून त्याने वेळ काढला असेल तर आउट्रोला आणखी १६ बार द्या. आणि त्याने ट्रॅक मधल्या एखाद्या आठ बारांच्या तुकड्यासाठीच वापरला असेल, तिसऱ्या डेकवर (प्लेअरवर) लूप म्हणून, तर त्या तुकड्याची सुट्टी फाइलही सोबत देऊन ठेवा. टेक्नोमध्ये असे तुकडे कधी कधी पूर्ण ट्रॅकपेक्षा जास्त वेळा वाजतात.